भरली पाटी

पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि पुन्हा खाली बसली. लंकाने तिसऱ्यांदा जोर केला. मातीने काठोकाठ भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणीतरी हात लावावाच लागतो.

इतके दिवस तो हात तिच्या जावेचा, कडूबाईचा होता. कडूबाई काल बाळंत झाली, म्हणून आज पाझर तलावाच्या कामावर बौद्धवाड्यातली लंका एकटीच आली होती. गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावाने ओळखायचं. बाहत्तरच्या दुष्काळाने चांगल्या खात्यापित्या घरांतल्या बायकांनाही मातीवर आणलं होतं. ज्यांनी कधी गावाच्या चावडीपुढून पाऊल टाकलं नव्हतं, त्या आता चुंबळ करून पाट्या वाहत होत्या. ऊन सगळ्यांना सारखंच लागत होतं. तरी त्यांचा खड्डा वेगळा आणि या दोघींचा वेगळा होता. मधे सहा-सात हात जागा कायम मोकळी असायची. ती कुणी आखून दिलेली नव्हती.

सकाळपासून लंका अर्धीच पाटी भरत होती. अर्धी एकटीला उचलते. पण ते मुकादम आप्पासाहेबाच्या नजरेतून सुटलं नाही.

"अर्ध्या पाटीवर हजेरी मांडायची न्हाई," तो ओरडला. "जमत नसंल तर उद्यापून येऊ नगंस."

हजेरी गेली की कामावर खायला मिळणारी सुकडीही गेली. घरी बाळंतीण त्या सुकडीवरच होती. लंकाने पाटी काठापर्यंत भरली, तीनदा जोर लावून पाहिला आणि मग पलीकडच्या बायकांकडे वळली.

"जरा हात लावता का कुनी?"

एकाएकी सगळ्यांच्याच चुंबळी सैल झाल्या आणि जी ती त्या नीट करू लागली. राहीबाईने तर सरळ तोंड फिरवलं. राहीबाई म्हणजे मुकादमाची चुलती. वय पन्नाशीचं, जिभेला हाड नाही. आठवड्यापूर्वी लंकाचा पदर तिच्या पाटीला नुसता घासला, तर या बाईने पाटी उपडी करून त्या पाटीवर तांब्याभर पाणी शिंपडलं होतं. प्यायला पाणी टँकरने येत होतं, पण विटाळ धुवायला कुठून तरी निघालंच.

मग आप्पासाहेब स्वतःच जवळ आला. पाटीच्या समोर उभं राहायचं, तर तो लंकाच्या मागे येऊन उभा राहिला.

"मी लावू का हात?" तो म्हणाला. खड्ड्यातली दोन-चार माणसं हसली. "पाटीला म्हनतोय गं. तुला काय वाटलं?"

हा माणूस रोज हजेरी घेताना लंकाच्या तांब्यापासून चार पावलं लांब उभा राहायचा. लंका झटकन पुढे सरकली. तिला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. हो म्हणणं शक्य नव्हतं. नाही म्हटलं तर उद्या हजेरीपटावर नाव राहणार नव्हतं. ती पाटीची कड घट्ट धरून वाकून राहिली.

राहीबाई तेवढ्यात डोक्यावर भरली पाटी घेऊन बांधाकडे निघाली होती. ती थांबली. हळूहळू खाली बसली आणि पाटी सांभाळून जमिनीवर उतरवली. भरली पाटी अशी वाटेत कुणी उतरवत नाही. पुन्हा चढवायची तर दुसरीचा हात शोधावा लागतो.

"आप्पा," ती म्हणाली, "हिला आमचा हात लागला तर आमी बाटतो. तुझा हात बरा बाटत न्हाई रं?"

फावडी थांबली. आप्पासाहेबाने वही या काखेतून त्या काखेत घेतली.

"काकी, मी आपलं कामाचं..."

"कामाचं मी बघते. तू जा, हजेरी मांड. हिची पुरी मांडायची."

तो गेला. राहीबाईने पदर खोचला, मधली मोकळी जागा ओलांडली आणि लंकाच्या समोर येऊन वाकली. लंकाने आपली बोटं अंग चोरून कडेला सरकवली, चुकूनसुद्धा लागू नयेत म्हणून.

"अगं, धर की नीट. पडंल."

चार हात पाटीखाली गेले. राहीबाईची बोटं तिच्या बोटांवर आली. लंकाच्या बोटांसारखीच तीही सालटी निघालेली होती. पाटी एका दमात डोक्यावर गेली.

लंका बांधाकडे चालू लागली. आतापर्यंत दाबून धरलेलं रडू आता मात्र आलं, आणि दोन्ही हात पाटीला असल्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. मागे आता तांब्या मागवला जाईल, हात धुतले जातील, हे तिला ठाऊक होतं. ते दिसू नये म्हणून तिने मागे वळून पाहिलं नाही. माती टाकली, डोळे कोरडे केले, मगच ती परत फिरली.

राहीबाई पाटी उतरवलेल्या जागीच उन्हात उभी होती. पायाशी तिची भरली पाटी तशीच होती. शेजारची रतनबाई ती उचलायला वाकली, तर राहीबाईने तिला कोपराने बाजूला सारलं. बाई पाण्यासाठीच खोळंबली असणार, असं लंकाला वाटलं.

"बाई," ती चाचरत म्हणाली, "हात धुवाया कुनाला पानी आनाया सांगू का?"

"पानी कशाला?" राहीबाईने चुंबळ डोक्यावर बसवली आणि पाटीची एक कड धरली. "कवाची तुझीच वाट बघतीया. हात लाव."