गाडीखालून

इंजिनाच्या तळाचा नट शेवटचा आटा सोडून नाथाजींच्या बोटांत आला आणि तेलाची धार घमेल्यात पडली. गरम होती. त्यांनी हात मागं घेतला नाही. धारेकडं बघत राहिले.

चाललेलं तेल काकवीसारखं काळं यायला हवं होतं. आलं ते मधासारखं. घमेल्याच्या तळाला लागलेला सिमेंटचा डाग त्यातून स्पष्ट दिसत होता.

त्यांनी तेल दोन बोटांत चोळलं. फौजेत बावीस वर्षं गाड्यांवर काढलेला माणूस. तेल किती चाललंय ते बोटांनाच कळायचं.

हे तेल त्यांनीच ओतलं होतं. दसऱ्याला, गाडीची पूजा करायच्या आधी. आता शिमगा आठ दिवसांवर आला होता. एवढ्या दिवसांत मुकुल रोज साताऱ्याहून शिरवळला कंपनीत जायचा आणि यायचा. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर.

मीटर दिवाळीतच अडकला होता. तसं मुकुलनंच सांगितलेलं. जुनी गाडी, अडकायचाच, म्हणून नाथाजींनी मनावर घेतलं नव्हतं.

गाडीखालून माणसाचे फक्त पाय दिसतात. मुकुलचे पाय पुढच्या चाकापाशी होते. निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा.

"मुकुल, मधी कुठं गॅरेजात तेल बदललंस का रं?"

हो म्हण. एकदा हो म्हण, मी गप बसतो.

"छ्या! तुमच्याशिवाय या गाडीला कुणी हात तरी लावलाय का, आबा?"

बापाला बरं वाटावं म्हणून पोरगं बोललं होतं. नाथाजींना गाड्यांचं सगळं येत होतं, पोराला त्यातलं काहीच शिकवायचं राहून गेलं होतं.

"मग ही गाडी शिरवळला जात न्हाई."

स्लिपरा अर्धं पाऊल मागं सरकल्या. तिथंच थांबल्या.

"दसरा झाल्या झाल्याच कमी केलं, आबा." आवाज धारेच्या आवाजाखाली गेला होता. "आमच्या लाइनीतली अकरा माणसं. दुसरीकडं बोलणं चाललंय. लागंलच. वल्लरीला तेवढं सांगू नका."

नाथाजींच्या नाकापासून वीतभर अंतरावर इंजिन होतं. त्याची धग तोंडावर येत होती.

सुनेला, वल्लरीला, सांगलीच्या शाळेनं कायमची शिक्षिका म्हणून घेतलं होतं. जूनपासून. होय की नाही ते आजच्या आज कळवायचं होतं. तिला जायचं होतं. तिनं घरात विचारलं, तेव्हा नाथाजीच म्हणाले होते, "नवरा-बायकोनं एका छपराखाली राहावं. मी बावीस वर्षं लांब काढली, त्यात काय काय गेलं ते मला इचार. मुकुलचा पगार हाय की." वल्लरी दोन दिवस मुकी मुकी फिरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं, आबा."

जोडव्यांचे पाय अंगणात आले. पावलं ओली होती. भांडी घासून उठली असणार.

"आबा, जरा बाहेर या की. पत्र लिहिलंय, वाचून दाखवते."

"तेल गळतंय. तिथनंच वाच."

"अगं बाई, किती स्वच्छ निघालंय! नवीसारखी ठेवलीय गाडी." मग स्लिपरांकडं वळून, "आणि तू काय रे, चौकीदार? म्हातारा माणूस गाडीखाली आणि हा उभा राहून वारा खातोय."

स्लिपरा हलल्या नाहीत.

वल्लरीनं मोबाइलवरून वाचलं. "कौटुंबिक कारणामुळे मला ही नेमणूक स्वीकारता येत नाही." थोडी थांबली. "एवढंच लिहिलंय. जास्त काय लिहायचं? पाठवू का, आबा? बटण दाबलं की गेलं."

धार बारीक झाली. दोऱ्याएवढी.

नाथाजी स्लिपरांकडं बघत होते. बोल. अजून वेळ हाय, तूच बोल.

दोरा तुटला.

थेंब.

स्लिपरांतली बोटं आत वळली.

थेंब.

पोटचा पोर. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बापाकडं काही मागितलं होतं.

थेंब.

"पाठवू ना, आबा?"

"नगं."

नाथाजींनी तेलाची बोटं बनियनला पुसली.

"सांगलीला व्हय म्हणून कळव. मी तुला चुकीचं सांगितलं, पोरी. का, ते मुकुल सांगंल."

"आबा…" मुकुल म्हणाला. लहानपणी नाथाजी सुट्टी संपवून निघाले की अशीच हाक यायची. तेव्हाही ते वळून बघत नसत.

"सांग तिला."

मुकुलनं सांगितलं. फार वेळ लागला नाही. कंपनीनं काढलं. दसऱ्यानंतर लगेच. रोज सकाळी गाडी घेऊन निघतो, गावाबाहेर झाडाखाली लावतो, संध्याकाळी परत येतो.

नाथाजींनी डोळे मिटले. आता मोबाइल फेकल्याचा आवाज येईल. आता ती ओरडेल, खोटारडा म्हणेल, आतून दार लावून घेईल. ज्या घराला एका छपराखाली ठेवायला निघालो, ते आपल्याच एका शब्दानं मोडलं. त्यांनी नट मुठीत घट्ट धरला.

काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी डोळे उघडले. जोडव्यांची पावलं स्लिपरांसमोर, अगदी जवळ येऊन थांबली होती.

"रोज पहाटे उठून डबा देत होते मी," वल्लरी हळूच म्हणाली. "इतके महिने एकटाच कुठं बसून खाल्लास रे तो?"