घंटीबंदी

"हाताची घडी, तोंडावर बोट!" हेडबाईंनी फर्मावलं.

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावरचा अख्खा हॉल चिडीचूप झाला. दोन्ही रांगांतले आजी-आजोबा आपापल्या खाटांवर शहाण्या मुलांसारखे बसले. प्रत्येकाच्या उशाशी घंटीची दोरी लोंबत होती. खाली चहापान संपेपर्यंत त्या दोरीला कोणी हात लावायचा नव्हता. हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

बेत त्यांचाच. इथे घंटी वाजली की मावशी धावायची. पांघरूण सरकलं, मावशी. चष्मा हरवला, मावशी. चष्मा कपाळावरच सापडला, हे सांगायलाही मावशीच. तोवर खाली तिच्या कपातला चहा गारढोण व्हायचा. मग तो ती उभ्या उभ्या, औषध घ्यावं तसा एका घोटात घशाखाली ढकलायची. हेडबाईंना हे बघवत नव्हतं. मावशीला एकदा तरी गरम चहा मिळालाच पाहिजे, असा त्यांनी पणच केला होता. म्हणून त्यांनी आज केक मागवला, आणि मावशी, स्वयंपाकीणबाई, कपडे धुणारी ताई आणि चाकांची खुर्ची ढकलणारा ड्रायव्हर अशा सगळ्यांना काठी आपटत खाली पिटाळलं. घंटीबंदीचा मात्र कोणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर मावशी खाली गेलीच नसती.

सुरुवात झोकात झाली. मग गाणाऱ्या आजींच्या लक्षात आलं की कवळी समोरच्या कपाटावर राहिली आहे. त्यांचा हात सवयीनं दोरीकडे गेला.

"हात खाली!" हेडबाई कुजबुजल्या.

"पण माझे दात..." आजी बोळक्या तोंडानं पुटपुटल्या.

"गरम चहा आधी, दात नंतर!"

इथेच सगळं बिघडलं. कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर उड्या मारत निघालं. कोणी उशीत तोंड खुपसलं, कोणी पदराचा बोळा तोंडात कोंबला. वकीलसाहेबांची तर भलतीच पंचाईत झाली. त्यांना बाथरूमला जायचं होतं, आणि खुर्चीशिवाय ते जाऊ शकत नव्हते.

"बाई, हसवू नका हो," ते डोळे मिटून म्हणाले. "मी कशीबशी स्थगिती मिळवलीय. पण ती फार वेळ टिकेल असं वाटत नाही."

झालं! हेडबाईंच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाईला स्वतःला गप्प बसता येईना. सगळे लाल झाले होते, गदगदा हलत होते, पण दोरीला मात्र कोणी शिवत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार भिंतीवर आदळलं. पुढे मावशी, हातात क्रीमनं माखलेली सुरी. मागे ड्रायव्हर, चाकांची खुर्ची डोक्यावर घेतलेला. त्याच्या मागे स्वयंपाकीणबाई आणि ताई, दोघींच्या तोंडात केकचा घास तसाच. समोर सगळे म्हातारे श्वास रोखून, तोंडावर बोट ठेवून, डोळ्यांत पाणी आणून बसलेले.

"काय झालं? कोणाला काय झालं?" मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची नजर एकेका खाटेवरून भराभर फिरली. सगळे होते. ती मटकन जवळच्या खाटेवर बसली.

"अहो, कोणाला काही झालं नाही," हेडबाई म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला जरा निवांतपणा देत होतो."

"हा असला निवांतपणा?" मावशी कडाडली. "एवढा वेळ एक घंटी नाही! घंटी वाजतेय म्हणजे तुम्ही धडधाकट आहात, एवढंच मला कळतं. केक कसला गिळवतोय? चहाही गार झाला तो झालाच!"

क्षणभर सगळे ओशाळले. मग हॉलमध्ये हसण्याचा असा काही स्फोट झाला की वकीलसाहेबांची स्थगिती जवळजवळ उठलीच. ड्रायव्हरनं त्यांना खुर्चीत घातलं आणि भरधाव पळवलं. मावशी हसता हसता रडली, आणि रडता रडता तिनं गाणाऱ्या आजींच्या हाती कवळी दिली.

हेडबाईंनी काठी आपटली. "नवा नियम! एक घंटी म्हणजे आम्ही मजेत आहोत. लागोपाठ दोन वाजल्या तरच वर यायचं. मावशी, खाली चला, नवा चहा टाका!"

वकीलसाहेबांना परत खाटेवर बसवून मंडळी खाली गेली. वर दोरी ओढायला एकच झुंबड उडाली. पहिला मान वकीलसाहेबांनी पटकावला, सुटकेच्या आनंदात. टण्ण. खालून पावलं आली नाहीत. मग गाणाऱ्या आजी, दातांसकट. टण्ण. तरी जिना गप्पच. हेडबाई कान टवकारून बसल्या होत्या. टण्ण.

आणि खालून मावशीचा आवाज आला, "आई गं! जीभ भाजली की!"

"भाजली!" हेडबाई ओरडल्या, आणि सगळ्या हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला.