हेल

सातवीला मनस्वी वाडीतून एसटीने रत्नागिरीच्या शाळेत जाऊ लागली. पालकसभेच्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "माजी आये न्हाय आली." वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मुली तिला 'आये'च म्हणू लागल्या. "काय गो आये, जेवलीस काय?" असं भार्गवी मधल्या सुट्टीत हेल काढून विचारायची, आणि मनस्वी डबा घेऊन जिन्याखाली एकटी बसायची.

गणपतीनंतर तिने भार्गवीचंच शहरी बोलणं उचललं. गुरं सोडताना, भांडी घासताना ती तसं बोलून बघायची. आईशीसुद्धा. आई नुसती तोंडाकडे बघत राहायची. दिवाळीच्या तोंडावर हेल पार गेला, आणि एका शनिवारी भार्गवीने स्वतःहून सरकून तिला शेजारी जागा दिली.

हे सगळ्यात आधी बाबांना सांगायचं होतं. गणपती करून ते मुंबईला कामावर गेले, त्यानंतर त्यांचा आवाज कानावर पडला नव्हता. रविवारी वाडीतल्या दुकानात फोन करतो, असा निरोप आला होता. ती सकाळपासून तिथेच बसून होती. घंटी वाजली तशी दुकानदाराच्या आधी तिनेच धावत जाऊन फोन उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडून बाबांचा आवाज आला, परक्या माणसाशी बोलावं तसा जपून.

"बाई, मी काशीराम. आमच्या मनीला जरा हाक माराल काय?"