न चुकता

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांच्या दुकानात भाची वर्षाने डोकावली. त्यांचा मोबाईल चाळता चाळता तिने कपाळावर हात मारला.

"मामा, तुमचं लोकेशन सगळ्यांना उघडं आहे! दुकानात कधी येता, घरी कधी पोचता, कुणीतरी अनोळखी माणूस सहा महिने बघतोय."

मामांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "रोज बघतो?"

"रोज, न चुकता! आधी बंद करा ते."

"करतो, करतो," म्हणत मामांनी मोबाईल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मामा तळ्याकाठच्या लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागले.



रोज तीच ती गल्ली बघून बिचाऱ्याला कंटाळा यायला नको.