दहावा नमुना

"हा आकडा खोडा, बाई," डॉक्टर म्हणाले.

तंत्रज्ञ बाईने पेन उचलले नाही. नवे यंत्र वापरात घेण्यापूर्वी दहा निरोगी गर्भवतींचे रक्त त्यावर तपासायचे आणि दहाही आकडे मर्यादेत आले तरच त्याला पसंती द्यायची, अशी या प्रयोगशाळेची रीत होती. नऊ आकडे शहाण्यासारखे वागले होते. दहावा मर्यादेच्या चौपट होता.

माघारी सगळे डॉक्टरांना धर्मकाटा म्हणत. केसाएवढा फरक पडला तरी ते दिवसभराचे काम पुन्हा करायला लावत. आज मात्र त्यांनी एकच धोशा लावला होता: दोष यंत्राचा आहे, या नमुन्याची बाई धडधाकट आहे, रक्तदाब उत्तम आहे, पायांवर सूज नाही.

ती हट्टाला पेटली. हा नमुना तिने तीनदा तपासला होता. त्याच्या आगेमागे लावलेले नमुने बिनचूक आले होते. गर्भाला पोसणाऱ्या वारेत रक्तवाहिन्या वाढवणारे जे प्रथिन असते, ते या रक्तात जेमतेम उरले होते. त्याला अडवून धरणारे दुसरे प्रथिन मात्र बेसुमार वाढले होते; यंत्राचा आकडा या दोन्हींच्या प्रमाणाचाच होता. रक्तदाब चढतो तो यानंतर, कधी कधी काही आठवड्यांनी. आणि एकदा चढला की झटके येण्याआधी तो सवड देईलच, असे नाही. हे तिला डॉक्टरांनीच शिकवले होते. तेही तिने त्यांना ऐकवले.

नळी बदलली असेल, असे त्यांनी सुचवले. मग चिठ्ठी चुकली असेल. मग शीतपेटी बिघडली असेल. प्रत्येक शंकेला तिने नोंदवही उघडून उत्तर दिले. शेवटी ते म्हणाले, दहा भांडी घेतली की एखादे पोचा आलेले निघायचेच.

"पोचा आलेलं भांडं असतं तर मीच फेकलं असतं, सर. ही बाई आहे, तिच्या पोटात मूल आहे. पाकीट फोडा, नाहीतर मी फोडते."

दहा जणींची नावे टेबलावरच्या त्या पाकिटात होती. ते डॉक्टरांनी स्वहस्ते बंद केले होते. चाचणी संपण्यापूर्वी ते उघडणाऱ्याला प्रयोगशाळेत जागा नाही, हा नियमही त्यांचाच.

"मग नोकरीवर पाणी सोडा," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"सोडलं," ती म्हणाली आणि तिने कात्री उचलली.

डॉक्टरांनी पाकिटावर तळहात ठेवला. त्याची गरज नाही, एवढेच ते पुटपुटले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी फोन जवळ ओढला. आता यंत्राच्या कंपनीकडे तक्रार जाणार, हे ओळखून तीही नोंदवही छातीशी धरून उभी राहिली. एक शब्द खोटा बोलू द्यायचा नाही, असे तिने ठरवले होते.

पलीकडून कोणीतरी बोलले. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"पोरी, हातातलं काम तसंच टाक. जावईबापूंना म्हणावं, बॅग भरा. मी तुला न्यायला येतोय."