अळणी पेज
लग्न होऊन आल्यापासून हफीजानं पेजेत कधी मीठ टाकलं नव्हतं. खाडी भरतीला शेतातून परसापर्यंत यायची, विहिरीचं पाणीच खारट असायचं. त्रेपन्न साली बांध झाला, त्यातल्या पाणी सोडायच्या उघाडीवर तिचा नवरा गनी राखणीला लागला. भरतीआधी तो लाकडी दार लावायचा, ओहोटीला उघडून पावसानं धुतलेला खार बाहेर सोडायचा. चार पावसाळे गेले. आज पहिल्याच घोटाला तो थबकला. “अगो, पेज अळणी कशी?” हफीजा विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि हसत परतली. “पाणी गोडं झालं! तुमच्या उघाडीनं.” गनी खुलला. “मग तिसऱ्यांचं सुकं वाढ तोंडी लावायला.” तिचं हसू ओसरलं. “खाडी आत येत नाय, शिंपल्यांचा चिखल वाळला. तिसऱ्या कुठनं आणू?” तिनं त्याच्या पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. भरतीची वेळ झाली. गनी दार लावायला उठला.