दोन घरं खाली

आमच्या गायन पार्टीत मेन गायक माझे आबा, निवृत्ती. पेटीवाला पिंपळगावला कामाला गेला, तेव्हापासून त्यांना सूर माझ्या गिटारचा. शाळा सोडून मी तेवढंच शिकलो, तेही पुस्तकातल्या सहा रेघा आणि त्यांच्यावरचे आकडे बघून. वरची रेघ म्हणजे खालची तार, हे कळायलाच महिना गेला. कॅपो म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. तो गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या घरात लावला की आबांची काळी चार पट्टी मिळायची. वस्तीत एवढ्या वर दुसरं कोणी गात नव्हतं.

पण सातपूरहून फाउंड्रीची ड्युटी करून आले की वरच्या ओळीला आबांचा आवाज फाटायचा.

"तुझी गिटार चढलीय," ते म्हणाले.

"कुठं चढलीय? चौथंच घर आहे, बघा ना," मी खेकसलो. यादवकाका ढोलक थांबवून भलतीकडेच बघत बसले.

जयंतीच्या कार्यक्रमात मी कोणाला न सांगता कॅपो दोन घरं खाली लावला. बोटं तीच, सूर उतरलेला. आबा शेवटच्या गाण्यापर्यंत आरामात गायले.

"आमच्या निवृत्तीची काळी चार अजून हलली नाय," यादवकाका ज्याला त्याला सांगत होते. मी कॅपो गुपचूप खिशात टाकला.

घरी जाताना आबा म्हणाले, "पुढच्या वेळी अजून एक घर खाली घे. यादवला सांगू नको."